मालकिणीची सोय

आईने वहिनीचा सल्ला घेतला हे मला दादाकडून कळलं, आणि तेही तो केळं सोलता सोलता सहज बोलून गेला म्हणून. "आई कारखान्यातल्या बायकांसाठी निवृत्तीनिधी सुरू करतेय. हिने सगळं आखून दिलंय," एवढं बोलून तो केळं खायला लागला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि हा पठ्ठ्या विचारतो कसा, "का, तुला माहीत नव्हतं?"

नव्हतं माहीत. आता मी काय करते ते सांगते, म्हणजे माझा राग किती रास्त होता ते कळेल. लहान-मोठ्या कारखानदारांना पैशाचा आणि कराचा सल्ला देणं हा माझा धंदा. मालकाने स्वतःच्या आणि कामगारांच्या म्हातारपणासाठी दरसाल किती बाजूला काढावं, त्यात कर किती वाचतो, धंदा विकावा की मुलाच्या गळ्यात घालावा, हे सगळं लोक मला विचारतात. बँकासुद्धा विचारतात. एखाद्याला कर्ज द्यायचं असलं की त्याच्या निवृत्तीनिधीत काही भोकं आहेत का, हे त्यांना माझ्याकडून बघून हवं असतं. माझी वेळ मिळावी म्हणून माणसं ताटकळतात. आणि माझी सख्खी आई, जिचा रंगाच्या ब्रशांचा कारखाना माझ्या ऑफिसपासून चालत जाण्याइतका जवळ आहे, ती सल्ला घेते सुनेचा.

वहिनी बँकेत कर्ज विभागात आहे. हुशार आहे, नाही म्हणत नाही मी. पण कर्ज देणाऱ्याला निवृत्तीनिधीतलं जेवढं कळतं, तेवढं मला गाडीच्या इंजिनातलं कळतं. म्हणजे चावी फिरवली की सुरू होतं, एवढं.

पण हे निवृत्तीनिधीचं निमित्त झालं. पोटदुखी जुनीच होती. आईचा चष्मा बदलायचा झाला, तेव्हा दुकानात सोबत गेली वहिनी. कारखान्याच्या खिडक्यांना जाळ्या बसवायच्या होत्या, कोणत्या बसवायच्या ते ठरवलं वहिनीने. आईच्या गुडघ्यासाठी डॉक्टर शोधला वहिनीने. मी भेटायला गेले की आई मला विचारायची, "जेवलीस का?" बस. जगातल्या सगळ्या शहाण्या प्रश्नांची मालकी वहिनीकडे आणि माझ्या वाट्याला हा एक. मी हे नवऱ्याला बोलून दाखवलं, तर तो म्हणाला, "अगं, मग जेवत जा तिथे." त्याच्याशी दोन दिवस मी कामापुरतंच बोलले.

मग एका सकाळी आईचा फोन आला. "शुक्रवारी दुपारी कारखान्यात येशील का? नव्या यंत्रासाठी कर्ज घेतेय. बँकेचे साहेब यायचेत. तुझी गरज लागणार आहे."

तुझी गरज लागणार आहे. फोन ठेवल्यावर हे वाक्य मी मनात चारदा घोळवलं. लागली ना शेवटी गरज? सुनेने काहीतरी घोळ घातला असणार, साहेबांनी शंका काढली असणार आणि आता मुलगी आठवली असणार. मला आनंद झाला. आईचं काम अडलंय याचा नाही, वहिनीचं काम चुकलंय याचा. हा आनंद चांगल्या घरच्या बाईला शोभणारा नव्हता, पण झाला तो झाला.

दादाशी गोड बोलून मी वहिनीच्या योजनेचा तपशील काढून घेतला आणि कामाला बसले. वहिनीची योजना अगदी बाळबोध होती. प्रत्येक बाईच्या पगाराच्या ठरावीक टक्के रक्कम कारखान्याने निधीत भरायची आणि जुन्या बायकांना त्यावर थोडी जास्त. आईच्या नावापुढे काहीच नाही. मालकीण चक्क योजनेबाहेर. मला हसूच आलं. एवढा खर्च करायचा आणि त्यातलं मालकिणीच्या हातात काही पडायचं नाही, असं माझ्या ऑफिसातल्या नव्या उमेदवाराने आखलं असतं, तर मी त्याला परत शाळेत पाठवलं असतं.

आमच्या धंद्यात एक कसब असतं. कायदा म्हणतो, मालकाने निधीतला सगळा वाटा स्वतःच्या ताटात ओढू नये. पण वय जास्त असेल त्याला वाटा जास्त, असं ठरवायला कायद्याची ना नाही, कारण त्याला साठवायला वर्षं कमी उरलेली असतात. आणि कारखान्यात सगळ्यांत वयस्क कोण असतं? बहुतेक वेळा मालक. तेव्हा वयावर वाटा ठरवायचा, की कुणाच्या डोळ्यांवर न येता बराचसा निधी मालकाकडे वाहत जातो. हा माझ्या डाव्या हातचा मळ आहे. त्यासाठीच लोक मला पैसे देतात.

आईच्या कारखान्यात एकच अडचण होती. मावशी. मावशी आमच्या नात्यातली नाही, पहिल्या दिवसापासून सरस लावायच्या टेबलावर बसणारी बाई, आईपेक्षा वयाने मोठी. वयावर वाटा धरला की सगळ्यांत मोठा वाटा मावशीला जात होता आणि माझं गणित कोसळत होतं. त्यावरही उपाय असतो. ठरावीक तासांपेक्षा कमी काम करणारा माणूस योजनेत बसत नाही. मावशीचे तास थोडे कमी केले, की ती बाहेर. तशीही तिची नजर अधू झालीये, तिला घरी लवकर जायला मिळेल, असं मी स्वतःला सांगितलंसुद्धा. मग सगळं सुतासारखं सरळ झालं. आईला वहिनीच्या योजनेत शून्य होतं, माझ्या योजनेत तिचं म्हातारपण राणीसारखं जाणार होतं. आता कळेल म्हाताऱ्या माणसाला, की खरी माया कुणाची.

शुक्रवारी मी ठेवणीतली साडी नेसून गेले. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. एका बाजूला दांड्यांच्या चळती, मधे पत्र्याच्या टोप्यांच्या पेट्या, खिडकीखाली सरसाचं टेबल. बायका ब्रशाच्या केसांचे झुपके मुठीत घेऊन टेबलावर आपटतात, टोकं सारखी करतात, टोपीत बसवतात. सरसाचा वास कपड्यांना चिकटून घरी येतो. लहानपणी आईच्या कुशीत शिरलं की हाच वास यायचा, आणि तोही रोज मिळायचा नाही, कारण आई बहुतेक वेळ इथेच असायची. या बायकांना माझी आई माझ्यापेक्षा जास्त मिळाली आहे. तेही मला कधी आवडलं नाही.

आत पार्टिशनच्या पलीकडे आईचं ऑफिस. बँकेचे साहेब येऊन बसले होते, शांत, टक्कल पडलेला, बिस्किट चहात किती वेळ धरायचं ते नेमकं जाणणारा माणूस. वहिनी त्यांच्या शेजारी, पण आज बँकेची म्हणून नाही. घरचं प्रकरण तिला हाताळता येत नाही, म्हणून हे वरचे साहेब आले होते. तिने माझ्यासाठी खुर्ची ओढली. "या वन्सं," ती म्हणाली. ती मला चेष्टेने वन्सं म्हणते. मला त्या चेष्टेचाही राग येतो.

साहेबांनी वहिनीची योजना वाचून दाखवली आणि विचारलं, "यावर कुणाला काही म्हणायचंय?"

मी याचीच वाट बघत होते. "म्हणायचंय," मी म्हणाले, आणि सुरू झाले. खर्च सगळा मालकिणीचा आणि लाभ शून्य, हे कसं धंद्याला धरून नाही ते सांगितलं. कर वाचवायची संधी कशी वाया गेलीये ते सांगितलं. मग माझा तक्ता टेबलावर पसरला. बोलताना मी अधूनमधून वहिनीकडे बघत होते. ती खाली मान घालून ऐकत होती आणि मला फार बरं वाटत होतं.

साहेबांनी तक्ता हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला. "काम पक्कं आहे," ते म्हणाले. "कुठे बोट ठेवायला जागा नाही."

"ती त्यासाठीच प्रसिद्ध आहे," वहिनी म्हणाली. टोमणा होता की कौतुक, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

आईने तक्त्यावरून बोट फिरवत विचारलं, "यात मावशी कुठाय?"

"ती नाहीये यात," मी म्हणाले. "तिचे तास थोडे कमी करायचे. म्हणजे ती योजनेत मोडत नाही. सगळं कायद्यात बसतं, आई."

"तास कमी केले की पगार कमी."

"थोडा."

"आणि निधी नाही."

"तिला वेगळी काहीतरी भेट देऊ ना आपण. शाल वगैरे."

पार्टिशनपलीकडे झुपके आपटायचा आवाज चालू होता. पार्टिशन पातळ आहे, हे मला माहीत होतं. मी याच कारखान्यात लहानाची मोठी झालेय. आईला उशीर व्हायचा तेव्हा माझी वेणी मावशी घालायची, सरसाचे हात धुऊन, हुंगून बघून, मग केसांना लावायची. ते मला तेव्हा आठवलं. माझं तोंड एवढंसं झालं.

आई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "म्हणून तुला नाही सांगितलं," ती म्हणाली. "मला माहीत होतं, तू माझं भलं करशील. तू करतेसच ते. मला या खेपेला माझं भलं करून नको होतं. हिला सांगितलं, अमुक असं हवंय, हिने तसं करून दिलं. हिला त्यात काही सिद्ध करायचं नव्हतं."

"मग आज कशाला बोलावलंस?" मी विचारलं. माझा आवाज चिरका येत होता. "तुझी गरज लागणार आहे म्हणालीस. सल्ला नको, योजना नको, मग कसली गरज?"

आईने साहेबांकडे बघितलं. साहेब घसा खाकरून म्हणाले, "ते मी सांगतो. यंत्रासाठी कर्ज द्यायला आमची हरकत नाही. पण मालकीणबाईंनी स्वतःसाठी काहीच ठेवलेलं नाही. उद्या त्या थकल्या, तर खर्चायला पैसा कुठून आणणार? धंद्यातूनच काढणार. मग आमचे हप्ते अडकणार. म्हणून मी विचारलं, तुमच्या म्हातारपणाची सोय काय? तर त्यांनी तुमचं नाव सांगितलं."

"माझं?"

"म्हणाल्या, मुलीकडे राहणार, मुलगी बघेल. तेव्हा तुमच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं. बँकेचं काम आहे, गैरसमज नको."

म्हणजे मी सल्लागार म्हणून आलेच नव्हते. ठेवणीतली साडी नेसून, तक्ता घेऊन, मी तारण म्हणून आले होते.

मी वहिनीकडे बघितलं. तिला हे माहीत होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि आणखी एक गोष्ट दिसत होती. ओठ घट्ट मिटलेले, नजर टेबलाच्या कडेवर, आणि नाकाचा शेंडा लाल. हा चेहरा मी ओळखते. आईच्या घरून परतताना गाडीच्या आरशात मी तो कितीदा पाहिला आहे.

"मी कप विसळून आणते," म्हणून ती उठली. कप विसळायला तिथे बाई आहे. मी तिच्या मागोमाग गेले.

मोरीपाशी ती नळ मोठा सोडून उभी होती. "तुम्हाला आधी सांगायला हवं होतं," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "पण मला सांगवेना. आमच्याकडची मागची खोली मी आईंसाठी तयार करून घेतली. पलंग कमी उंचीचा केला, त्यांच्या गुडघ्यासाठी. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवली. मग त्यांना दाखवायला नेलं. त्यांनी सगळं बघितलं, छान झालंय म्हणाल्या आणि म्हणाल्या, पाहुण्यांना फार सोयीची होईल." तिने एक कप परत धुतला. "चष्म्याला मी, गुडघ्याला मी, जाळ्यांना मी. आणि राहायला तुम्ही. मला तुमचा इतका राग आला, वन्सं, की त्या दिवशी तुमचा फोन आला तो मी उचललासुद्धा नाही."

मी तिला काय सांगणार होते? की मी त्याच चष्म्यावर, त्याच गुडघ्यावर आणि त्याच जाळ्यांवर इतकी वर्षं जळतेय? "मला वाटलं तुम्ही कामात असाल," एवढंच मी म्हणाले, आणि तिच्या हातातला कप घेऊन पुसायला लागले.

आत आलो तर आई साहेबांना चांगला ब्रश कसा ओळखावा ते शिकवत होती. मी बसले नाही. मला बसवत नव्हतं.

"आई," मी म्हणाले, "मी रोज लोकांना सांगते, म्हातारपणी मुलांच्या भरवशावर राहू नका. माणसं बदलतात, घरं लहान असतात, जावयांना घोरण्याचा त्रास होतो. तू माझी ग्राहक असतीस, तर मी तुला हे करू दिलं नसतं. आणि तू मला एका शब्दाने विचारलं नाहीस. चष्मा कुठला घ्यायचा ते हिला विचारतेस. जाळी कुठली लावायची ते विचारतेस. आणि माझ्याकडे जन्मभर राहायला येणार, ते मला बँकेकडून कळतं. मला का नाही विचारलंस?"

आईला प्रश्नच कळला नाही. खरंच कळला नाही. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तापात काहीतरी बरळतेय.

"ती सून आहे," आई म्हणाली. "तिला विचारावं लागतं. तुला कशाला विचारायचं?"

वहिनी हातात किटली घेऊन दारातच उभी होती. तिने ते ऐकलं. मीही ऐकलं. इतकी वर्षं जे मला मिळत नाही म्हणून मी दात-ओठ खात होते, ते मला का मिळत नव्हतं ते असं चारचौघांत, बिस्किटांच्या बशीवरून, मला सांगितलं गेलं. मला रडू आलं आणि रडू आलं याचा रागही आला. साहेबांनी सभ्यपणे बिस्किटाकडे बघितलं.

"मॅडम," ते म्हणाले, "मग तुमचं उत्तर काय लिहू?"

"लिहा, हो," मी म्हणाले. "सल्लागार म्हणून माझा विरोध आहे, तोही लिहा. मुलगी म्हणून हो."

"दोन्ही लिहायला जागा नाही."

"मग हो लिहा."

माझा तक्ता मी टराटरा फाडला नाही, तसलं नाटक मला जमत नाही. घडी घालून पिशवीत ठेवला. बाहेर येताना सरसाच्या टेबलापाशी मावशीने मान वर केली. तिने ऐकलं होतं की नाही, तिच्या तोंडावरून काही कळेना. "बारीक झालीस," ती म्हणाली आणि परत कामाला लागली. मी तिथे थोडा वेळ नुसती उभी राहिले. माफी मागायची तर आधी तिला सांगावं लागलं असतं, मी तिचं काय करायला निघाले होते ते. तेवढी हिंमत मला झाली नाही.

फाटकापाशी वहिनीने मला गाठलं. तिने पदर नीट केला, घड्याळात बघितलं, पुन्हा पदर नीट केला.

"वन्सं, एक विचारू?" ती म्हणाली. "आई तुमच्याकडे राहायला आल्या, की रविवारी आमच्याकडे पाठवाल का? सकाळी मी घेऊन जाईन, संध्याकाळी आणून सोडीन. दर रविवारी नको. तुम्ही म्हणाल तेव्हा."

आता हो म्हणायला काय हरकत होती? आईसाठी पलंग कमी उंचीचा करून घेणारी बाई. मोरीपाशी तिने सगळं सांगितल्यावर तिच्याबद्दल मला खरोखर माया वाटली होती, ती अजून ओसरलीही नव्हती. पण आजवर मला कुणी आईबद्दल काही विचारलं नव्हतं, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती, माझ्या एका शब्दासाठी.

"बघते," मी म्हणाले. "आईला काय वाटतं ते विचारून सांगते."

तिने मान हलवली आणि आत गेली. मी रस्त्याला लागले. हो म्हणायला हवं होतं, हे मला कोपऱ्यापर्यंतसुद्धा पोचायच्या आत कळलं होतं. फोन पिशवीत होता. तो मी बाहेर काढला नाही.